कौशल्याचा पेपर नको, कामाची जबाबदारी द्या

जून 2024 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांमध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा नवा आराखडा आला. स्वायत्त महाविद्यालयांत तो वर्षभर आधीच आला होता. मुख्य विषयाच्या जोडीला आता कौशल्यवृद्धीचे आणि व्यावसायिक कौशल्यांचे अभ्यासक्रम आहेत, क्षेत्र प्रकल्प आहे, समाजसहभाग आहे आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव म्हणजे ओजेटी आहे. मी एका तालुक्याच्या गावी वाणिज्य शिकवतो. पदवीच्या मुलांना व्यवहार शिकवायला हवा, हे आम्ही काही शिक्षक कितीतरी वर्षं बोलत होतो. आता ते कागदावर आलं आहे, त्याला श्रेयांक म्हणजे क्रेडिट मिळतात, वेळापत्रकात त्याचे तास लागतात. म्हणूनच त्याचं वर्गात जे होतंय ते पाहून जीव तुटतो.

होतंय असं की कौशल्याचाही पेपर झाला आहे. संवादकौशल्याची व्याख्या, प्रकार, अडथळे. संघभावनेचे फायदे. वेळेच्या नियोजनाची तत्त्वं. नोट्सची पीडीएफ ग्रुपवर येते, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचली जाते, बहुपर्यायी प्रश्नांना टिक लागते आणि दोन श्रेयांक जमा होतात. ज्या मुलीनं नेतृत्वगुणांवर पूर्ण गुण मिळवले, तिला कार्यालयाच्या खिडकीवर बोनाफाइड मागताना मैत्रिणीला पुढं करावं लागतं. यात तिचा दोष शून्य आहे. तिला आपण नेतृत्वाविषयी सांगितलं, तिच्या हातात कशाचंही नेतृत्व दिलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपली चूक दुसऱ्या कुणाला भोवू शकते अशा ठिकाणी माणूस व्यवहार शिकतो. वर्गात चूक झाली तर गुण जातात, तेही स्वतःचेच. कामात चूक झाली तर कुणाचं जेवण राहतं, कुणाचे पैसे अडकतात, कुणी रात्री साडेदहाला फोन करून जाब विचारतं. असा जाब विचारला जाईल अशी कामं महाविद्यालयाच्या आवारात भरपूर आहेत. त्यातली फारच थोडी आपण विद्यार्थ्यांकडे सोपवतो.

माझ्या एका विद्यार्थ्याचं सांगतो. लेखाकर्मात वर्गात पहिल्या पाचांत असायचा. पगाराच्या हिशेबाची गणितं त्यानं वहीत सोडवलेली होती. पदवीनंतर त्याला औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, महिना 21,000 सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर येणारा एकूण खर्च, सांगितली होती. पहिल्या महिन्याला खात्यात जमा झाले 15,985. तो मला फोनवर म्हणाला, "सर, कंपनीनं पहिल्याच महिन्यात पाच हजार खाल्ले." त्याला पगारपत्रक घेऊन बोलावलं. एकूण पगार 18,000. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे 1,680, ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे 135 आणि व्यवसाय कराचे 200 कापले होते. वरचे तीन हजार म्हणजे कंपनीनं त्याच्या नावानं भरायचा निधीचा तेवढाच वाटा, ईएसआयसीचा कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद. कुणीही काही खाल्लं नव्हतं. कापलेल्यातली मोठी रक्कम तर त्याच्याच खात्यात जमा होत होती, पण आपल्याला निधीच्या खात्याचा यूएएन क्रमांक मिळाला आहे आणि तो नोकरी बदलली तरी तोच ठेवायचा असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. ईएसआयसीमुळे त्याच्या आईवर उपचार होऊ शकतात, हे ऐकून तर तो गप्पच झाला. आई गुडघ्यांसाठी खासगी दवाखान्यात पैसे मोजत होती.

हुशार मुलगा होता, विषय शिकलेला होता. मग अडलं कुठं? त्याच्या हाताखालून खऱ्या माणसाचा खरा पगार कधी गेलाच नव्हता. आमच्याच कार्यालयात दर महिन्याला पगारबिलं तयार होतात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची मानधनाची बिलं होतात, टीडीएस म्हणजे आयकर आधीच कापला जातो, त्या कापलेल्या कराचे दाखले म्हणजे फॉर्म 16 निघतात. वाणिज्याचा वर्ग त्या कार्यालयापासून दोन व्हरांडे सोडून आहे. नावं झाकून, मुख्य लिपिकांच्या देखरेखीखाली, दर महिन्याला दोन विद्यार्थी त्या टेबलावर बसले असते तर त्या मुलाला मला फोन करावा लागला नसता.

आपल्याकडे हे अगदी नवं आहे असं मात्र नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. तिथं सर्व जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची, स्वयंपाक करायची, शेतात राबायची, बांधकामावर दगड वाहायची. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य भिंतीवर रंगवण्याआधी त्या मुलांनी हातांनी गिरवलेलं होतं. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघालं तेव्हा 'कमवा आणि शिका' ही त्याची पायाभूत कल्पना होती. पुढं ती राज्यभरातल्या विद्यापीठांनी उचलली.

आज त्या योजनेचं काय झालंय ते बघा. ग्रंथालयातली पुस्तकं पुसायची, बागेला पाणी घालायचं, झेरॉक्स काढायच्या, तासाप्रमाणे पैसे घ्यायचे. गरीब मुलांना त्या पैशांचा मोठा आधार असतो, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही, ती योजना बंद करा असं कुणी म्हणू नये. पण कर्मवीरांच्या बोर्डिंगात सगळे राबत होते. आता फक्त ज्याला गरज आहे तो राबतो आणि ज्याच्या वडिलांची ऐपत आहे तो कट्ट्यावरून बघतो. त्यामुळे काम करणं ही गरिबाची खूण झाली. योजनेच्या यादीत नाव आहे हे मित्रांपासून लपवणारी मुलं मी पाहिली आहेत. काम सगळ्यांना सक्तीचं केलं की ही लाज आपोआप जाईल. ज्यांना पैशांची गरज आहे त्यांना पैसे द्या, बाकीच्यांना श्रेयांक द्या, पण झाडू आणि हिशेबाची वही सगळ्यांच्या हाती जाऊ द्या.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली, नापास झालेली मुलं तिथं वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया शिकतात. मला तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती अशी की मुलं गावातल्या लोकांची कामं घेतात आणि त्याचे पैसे घेतात. शेतकऱ्यानं गेट करायला सांगितलं की त्याचं माप चुकवून चालत नाही, कारण ते त्याच्या खांबांमध्ये बसलं पाहिजे आणि तो पैसे मोजणार आहे. परीक्षक दहा मिनिटांत जातो. ते गेट वापरणारा शेतकरी रोज समोर येतो.

पदवी महाविद्यालयांकडे वर्कशॉप नसेल, मेस तर आहे. राज्यातल्या कितीतरी वसतिगृहांत मुलं स्वतः मेस चालवतात आणि तिथून बाहेर पडलेल्यांशी बोललं की फरक जाणवतो. महिन्याचा मेस सेक्रेटरी झालेला मुलगा पहाटे मार्केट यार्डात जातो. फ्लॉवर महागला म्हणून कोबी घ्यायचा निर्णय त्याचा असतो आणि संध्याकाळी त्याबद्दल शिव्याही त्यालाच बसतात. सिलिंडर संपायच्या आत नोंदवायचा असतो. पोळ्या करणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी उचल मागतात, ती द्यायची की नाही, दिली तर किती महिन्यांत वळती करायची, हे ठरवावं लागतं. महिनाअखेरीला खाडे धरायचे असतात, पाहुण्यांची ताटं मोजायची असतात, बिल भागायचं असतं. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे खोलीतल्याच मित्राला सांगायचं की तुझे दोन महिन्यांचे पैसे थकलेत, उद्यापासून तुझं ताट बंद. एकोणिसाव्या वर्षी हे वाक्य मैत्री न तोडता बोलता आलं तर त्या मुलाला वाटाघाटीच्या अभ्यासक्रमात आणखी काय शिकवणार?

ही मेस ठेकेदाराकडे गेली की सगळ्यांची सोय होते. प्राचार्यांची डोकेदुखी संपते, पालकही निर्धास्त होतात. आणि एक चालू शाळा बंद पडते.

याच ओघात मुलामुलींबद्दल बोललं पाहिजे, कारण जीवनकौशल्यांचे अभ्यासक्रम या बाबतीत फार सावध, फार गुळमुळीत बोलतात. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरात काय होतं ते जवळून पाहिलं की आपल्या घरांचा नकाशा दिसतो. श्रमदानात बांध घालायला मुलं पुढं, आणि दुपारी चुलीपाशी मुली आपसूक जाऊन बसलेल्या. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी अडवतही नाही. ज्या वर्षी आम्ही गट पाडून स्वयंपाकाची पाळी लावली त्या वर्षी पहिल्या सकाळी मुलांच्या गटानं पन्नास जणांचे पोहे एकदम भिजवून ठेवले आणि त्यांचा लगदा झाला. गावातल्या आजींनी येऊन दाखवलं की एवढे पोहे चाळणीत घेऊन टप्प्याटप्प्यानं भिजवायचे असतात आणि फोडणीही दोन पातेल्यांत करायची असते. तिसऱ्या दिवशी त्याच गटाचे पोहे मोकळे झाले. त्यांच्यातला एक जण सुट्टीत घरी गेल्यावर आईला तापात पेज करून देऊ शकला, हे त्यानं मला आपणहून येऊन सांगितलं. आणि मुलींच्या गटाकडे आम्ही बाजारहाट, वाहन ठरवणं, सरपंचांशी बोलणं आणि सगळी रोकड दिली. त्यांच्यातल्या कित्येकींनी तोवर घराबाहेर मोठी रक्कम हाताळलेली नव्हती. बँकेत खातं होतं, पण एटीएम कार्ड भावाकडे.

मुलाला स्वतःचं जेवण करता येणं, कपडे धुता येणं, आजारी माणसाची शुश्रूषा करता येणं आणि मुलीला स्वतःचे पैसे स्वतः हाताळता येणं, एकटीनं कचेरीत जाऊन काम करून आणता येणं, ही माझ्या मते कुठल्याही मुलाखत-तयारीच्या आधीची गोष्ट आहे.

आता विरोधी बाजू. माझे काही सहकारी, त्यातही भाषा आणि सामाजिक शास्त्रं शिकवणारे, या सगळ्या कौशल्याच्या गजरावर चिडलेले आहेत आणि त्यांचा राग मला कळतो. महाविद्यालय ही विचार करायला शिकण्याची जागा आहे. कंपन्यांनी स्वतःच्या खर्चानं द्यायचं प्रशिक्षण त्या विद्यापीठांच्या गळ्यात मारतात आणि त्यासाठी इतिहासाचे, तत्त्वज्ञानाचे तास कमी होतात, हे खरं आहे. मुख्य विषय पातळ करून वर कौशल्याचा थर देणं मलाही मान्य नाही. पण माझा मुद्दा विषय कापायचा नाहीच. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं आपल्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक घेऊन ते ग्रामसभेपुढं समजावून सांगितलं तर त्यात अर्थशास्त्र पातळ होत नाही. राज्यशास्त्राच्या वर्गानं माहिती अधिकाराचा कायदा 2005 नुसता पाठ करण्याऐवजी प्रत्येकी एक अर्ज खरोखर दाखल केला, दहा रुपये शुल्क भरलं, तीस दिवस वाट पाहिली, उत्तर नाही आलं तर पहिलं अपील केलं, तर तो विषय हाडात मुरतो. अर्जात प्रश्न नेमका कसा विचारायचा, हे शिकताना जेवढं मराठी गद्य सुधारतं तेवढं निबंधानं सुधारत नाही.

त्यांच्या रागात आणखी एक खरी गोष्ट आहे. कार्यालयीन शिष्टाचाराच्या नावाखाली आपण मुलांना मुख्यतः आज्ञाधारकपणा शिकवतो. कपडे कसे घालायचे, हात कसा मिळवायचा, साहेबांना मेल कशी लिहायची. नियुक्तीपत्र मागायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. 'मूळ कागदपत्रं आमच्याकडे जमा करा' म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे नाही कसं म्हणायचं, हे शिकवत नाही. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असली पाहिजे, असं 2013 चा कायदा सांगतो. पहिल्या नोकरीवर निघालेल्या मुलीला ही माहिती हस्तांदोलनाच्या धड्यापेक्षा कितीतरी जास्त गरजेची आहे. कामाच्या ठिकाणी टिकण्याचं कौशल्य म्हणजे वाकण्याचं कौशल्य, असा समज होऊ द्यायचा नसेल तर हक्कांचा भाग अभ्यासक्रमाच्या मध्यावर यायला हवा.

सरकारी दारातला व्यवहारही तसाच. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा 2015 सालापासून आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर अपील करता येतं. तरीही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, नॉन-क्रीमी लेयरसाठी आमची मुलं दरवर्षी एजंटाला पैसे देतात, कारण अर्ज कसा भरायचा आणि पोचपावती का जपून ठेवायची हे त्यांना ठाऊक नसतं. समाजसहभागाच्या श्रेयांकांसाठी पोस्टर रंगवून फेरी काढण्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतःच्या घरचा किंवा शेजाऱ्याचा एक दाखला, एजंटाविना, शेवटपर्यंत नेऊन दाखवावा. पावतीची प्रत हाच त्याचा अहवाल.

ओजेटीचं दुखणं मात्र मोठं आहे. चार श्रेयांकांसाठी 120 तास काम. पुण्या-मुंबईत हे जमून जाईल. धडगाव, जव्हार, किनवट अशा तालुक्यांतल्या शेकडो मुलांनी एकाच वेळी कुठं जायचं? मग मामाच्या मेडिकल दुकानाचा शिक्का, ओळखीच्या सीएची सही आणि इंटरनेटवरून उतरवलेला अहवाल. मुलं लबाड झाली असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. आस्थापना नाहीत, आणि असतील त्यांच्याशी बोलायला महाविद्यालयात माणूस नाही. पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला वर्गात उभं राहिल्याच्या तासाचे पैसे मिळतात, दूध संघात जाऊन विद्यार्थी काय करतोय हे पाहून आल्याचे मिळत नाहीत. त्यानं पदरमोड करून जावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. जागा भरा आणि देखरेखीचे तास कामाच्या तासांत धरा, एवढं केल्याशिवाय ओजेटी शिक्क्यापुरतीच राहणार.

आस्थापनांच्या बाबतीत मात्र आपली नजर फार तोकडी आहे. कामाची जागा म्हटलं की कंपनी आठवते. ग्रामीण महाराष्ट्रात पतसंस्था आहेत, दूध संकलन केंद्रं आहेत, बाजार समित्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, विकास सोसायट्या, बचत गट, प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. बचत गटाचं दप्तर वर्षभर लिहून देणारी मुलगी ज्या तऱ्हेचा हिशेब, समजूत आणि संयम शिकते, तो शहरातल्या मोठ्या कार्यालयात झेरॉक्स काढत बसलेल्या मुलाला मिळत नाही. राज्य सरकारनं 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीत पदवीधराला प्रशिक्षणाच्या काळात महिना 10,000 विद्यावेतन ठरवलं. पदवी झाल्यावर शिकवायला पैसा उभा राहतो, तर त्यातला थोडा वाटा पदवी चालू असताना बचत गटांपर्यंत जायच्या एसटीच्या पाससाठी आणि देखरेखीसाठी का नसावा?

या कामांना गुण कसे द्यायचे, हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. लेखी परीक्षा नको. कामाची रोजची नोंदवही असावी आणि ज्याच्यासाठी काम केलं त्या माणसाची, मग ती गटाची अध्यक्षा असो की मेसमधल्या मावशी, तोंडी साक्ष घ्यावी. आणि नुकसान सोसायची तयारी ठेवावी. स्नेहसंमेलनाच्या हिशेबात चार हजारांची तूट आली तर ती गुपचूप भरून टाकू नये, सगळ्यांसमोर वही उघडावी, कुठं गळालं ते मुलांनाच शोधू द्यावं. संस्थेनं अशा तुटीसाठी छोटासा निधी बाजूला ठेवला तर प्राचार्यही निर्भयपणे जबाबदारी सोपवू शकतील.

विद्यार्थ्यांच्या हाती कारभार द्यायला कायद्याचीही आडकाठी नाही. विद्यार्थी मंडळाच्या थेट निवडणुका 1990 च्या दशकात बंद झाल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नं तो दरवाजा पुन्हा उघडला, पण निवडणुका लांबणीवर पडत राहिल्या. याच कायद्यानुसार प्रत्येक महाविद्यालयाच्या विकास समितीवर विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. वार्षिक अंदाजपत्रक याच समितीपुढं येतं. किती महाविद्यालयांत या दोन मुलांना ते आठवडाभर आधी वाचायला मिळतं, आणि किती ठिकाणी त्यांना चहापुरतं बोलावून सही घेतली जाते, हे प्रत्येक प्राचार्यांनी आपापल्या इतिवृत्ताची वही काढून पाहावं. येत्या जूनपासून अंदाजपत्रकाची प्रत त्या दोघांना वेळेवर मिळाली, वर्गावर्गात ती वाचली गेली, आणि उपाहारगृहाचा ठेका, ग्रंथालयाची खरेदी, जिमखाना फीचा खर्च यांवर त्यांनी लेखी प्रश्न विचारले, तर मुलं बैठकीत बोलायला, हिशेब मागायला आणि द्यायला शिकतील. त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम मंजूर करून घ्यावा लागणार नाही.